डोळे भरायचे दिवस

दौंड स्टेशनच्या बागेत कोंडिबानं एकोणीस वर्षं माळीकाम केलं. साठ सालच्या दिवाळीआधी एका सकाळी गुलाबांना पाणी घालता घालता तो झारीसकट आळ्यात आडवा झाला. हमालांनी उचलून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. महिन्याभरानं घरी आला तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती. पुढं बोलणं सुधारलं, पायही थोडा ओढता येऊ लागला. हात मात्र आला नाही.

नोकरी गेली तशी रेल्वेची खोलीही गेली. लोको शेडमध्ये फिटर असलेल्या अयुबच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या त्यानं दिल्या. मागच्या दाराला लागून परडं होतं, कोपऱ्यात आड, आणि तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची दगडी भिंत, तिच्यात एक लहान फाटक. कोंडिबाची बाज मागच्या दाराशी टाकली. तिथून त्याला सगळं परडं दिसे. हाताशी एक काठी असे. काही हवं असलं की तो ती चौकटीवर आपटी.

त्याची बायको बानूबाई या काठीच्या आवाजाच्या आत राहू लागली. ती इनामगावची, धनगराची लेक. तिच्या लहानपणी घरची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायची. त्यांच्या मागं ती चार-चार महिने चाललेली होती. आता बाजेपासून आडापर्यंत बावीस पावलं होती. पुढच्या अंगणात अयुबच्या बायकोशी, नजमुन्निसाशी, दोन शब्द बोलायला गेली तरी काठी वाजे. बाजाराला गेली की नजमुन्निसा येऊन दाराशी बसे, पण कोंडिबा तिच्याकडून पाणीसुद्धा मागून घेत नसे. बायको येईपर्यंत तहान धरून बसे आणि आल्यावर काही न बोलता तांब्याकडं बघे. त्यामुळं बानूबाई भाजी घ्यायची ती पहिल्याच वाट्यावर घ्यायची. एकुलती एक लेक मनमाडला दिलेली होती. ती वर्षातून एकदा यायची.

कोंडिबाची एक लाकडी पेटी होती. तिच्यात त्याची स्वतःची हत्यारं होती: दोन खुरपी, छाटणीची कात्री, हातकुदळ, दाताळं, आणि एक विलायती चाकू. चाकूच्या एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ. गुलाबाचा डोळा भरताना, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या खुंटात बसवताना, खुंटाची साल त्या जिभेनं उचलायची. सत्तेचाळीस साली गाव सोडून गेलेल्या एका गोऱ्या साहेबानं तो त्याला दिला होता. दर अमावास्येला बानूबाईनं पेटी बाजेपाशी आणायची, एकेक हत्यार फडक्यानं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. त्यापलीकडं त्यांना हात लावायचा नाही.

"ठिवून काय करायचं त्यांचं?" तिनं एकदा विचारलं.

"हात येईल माझा," कोंडिबा म्हणाला.

एकसष्टच्या पावसाळ्यात परड्यात हराळी माजली. रिकाम्या हातांनी बसून बानूबाईचा जीव उबगला होता. चुलीपाशी एक मोडक्या दांड्याचं उलथनं पडलं होतं. ते घेऊन ती आडाजवळ बसली आणि हातभर जागा उकरून तिनं मेथी टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी हातभर. उलथनं वाकायचं, ती दगडावर ठोकून सरळ करायची. चौथ्या दिवशी काठी वाजली.

"काय चाललंय ते?"

"मेथी लावतीय."

"ती काय भाकर हाय उलथायला? मुळी वरच्या वर तुटतीय आन् खालची तशीच ऱ्हातीय. पंधरा दिसांत हराळी पुन्हा वर येती बघ." तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. त्या बघण्यात राग होता, पण नुसता राग नव्हता. मग म्हणाला, "पेटी आन."

त्यानं डाव्या हातानं लहान खुरपं काढून तिला दिलं. वीस वर्षांच्या वापरानं त्याची मूठ गुळगुळीत झाली होती आणि पात्याची एक बाजू जास्त झिजली होती. ते मातीत असं शिरलं की बानूबाईला क्षणभर वाटलं, मातीच वाट देतेय. हराळीची पांढरी मुळी अखंड हातात आली. त्या संध्याकाळी तिला भूक चांगली लागली. पुष्कळ दिवसांनी लागली.

मग ती शिकत गेली. खुरपं आपल्याकडं ओढायचं, लोटायचं नाही. दाताळ्यानं माती बारीक करायची ती वाफसा आल्यावर, चिखलात नाही. कात्रीचं पातं नेहमी झाडावर राहणाऱ्या फांदीच्या बाजूला धरायचं, म्हणजे चेंगरतं ते तोडून टाकायचं लाकूड. कोंडिबा बाजेवरून सांगे आणि ती करी. भाजी झाली, शेवंती झाली. त्या हिवाळ्यात त्यानं विलायती चाकू तिच्या हाती दिला. गावठी गुलाबाच्या खुंटावर आधी आडवा काप, त्याच्या मध्यापासून खाली उभा काप, हाडाच्या जिभेनं दोन्हीकडची साल अलगद सोडवायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून सालीसकट काढलेला डोळा आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटाच्या भिजवलेल्या पट्टीनं बांधायचं. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. तिनं दहा भरले. सात लागले. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना गर्द लाल फुलं आली. बानूबाई सकाळी आडावर जाताना त्यांच्यापाशी थांबायची.

पण त्याबरोबर काठीही वाढली. आधी ती पाण्यासाठी, लघवीसाठी, कूस बदलण्यासाठी वाजे. आता ती एकेका कापासाठी वाजू लागली. "खाली. आनखी खाली. आता दाब. दाब म्हनलं ना." ती खाली वाकलेली असायची आणि पाठीमागून आवाज यायचा. पाठ सरळ करायला उभी राहिली तरी, "का थांबलीस?" कोंडिबाचा चेहरा उजळला होता हे खरं. तो नीट जेवत होता, दाढी करून घेत होता. नजमुन्निसा म्हणाली, "मामांच्यात जीव आला बघा." बानूबाई हो म्हणाली. आपल्यातला कुठं चाललाय हे तिला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर रेल्वेच्या बंगल्यावरच्या बाईसाहेब आल्या. स्टेशनची बाग कोंडिबाच्या वेळची कशी होती ते त्यांना आठवत होतं. परड्यातले सात गुलाब त्यांनी वाकून पाहिले.

"कोंडिबा, हात गेला पण कसब नाही गेलं तुमचं."

"व्हय बाईसाहेब," कोंडिबा म्हणाला. "हत्यार कुनाच्या का हातात आसंना, काम माझंच हाय."

बानूबाई तिथंच उभी होती, कोपरापर्यंत माती लागलेली. बाईसाहेबांनी तिच्याकडं पाहून मान हलवली आणि बंगल्यासाठी चाळीस कलमं सांगितली. त्या गेल्यावर कोंडिबा दिवसभर खुशीत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तेच बानूबाईला जड गेलं. भांडायला काही नव्हतंच.

चाळीस खुंट तयार झाले. जानेवारी संपता संपता सालीत रस उतरला, साल सुटू लागली. डोळे भरायचे दिवस आले, आणि त्याच आठवड्यात इनामगावहून तिचा धाकटा भाऊ तात्याबा आला. मेंढरं विकून घोडनदीकाठच्या जमिनीत तो आता ज्वारी, हरभरा करीत होता. खांद्यावर घोंगडं मात्र अजून होतं. बाजेजवळ बसून चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला,

"आक्का, आयची नजर चाललीय."

"म्हंजी?"

"एक डोळा गेलाच हुता. दुसऱ्यानं आता सावलीवानी दिसतंय. शिरूरच्या डाक्टरनं बघितलं. म्हनला, पुन्याला न्या, पर खात्री न्हाई. आय म्हनती, जाऊ द्या. म्हनती, जवर दिसतंय तवर बानूला आना. येकदा तोंड बघू द्या." तो कोंडिबाकडं वळला. "दाजी, चार दिसांनी आनून सोडतो."

कोंडिबा परड्याकडं बघत होता. "आठ दिस थांब, तात्याबा," तो म्हणाला. "येवढे डोळे भरून हुं दे. साल आता सुटतीय. येकदा धरून बसली की मग वरीस गेलं."

"दाजी, आयचं..."

"आठ दिसांत काय हुतंय? मी न्हाई म्हनलोय का?"

तात्याबानं बहिणीकडं पाहिलं. बानूबाईला वाटलं, आपण आत्ता उठून पडशी भरावी. पण बाजेवरच्या माणसाला कोण उचलणार, कोण धुणार, हे प्रश्न एकामागून एक दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्यातून वाट काढता काढता ती एवढंच म्हणाली, "आयला सांग, येती म्हनावं. आठ दिसांनी."

तात्याबा दुपारच्या गाडीनं गेला.

एका दिवसात तीन डोळे व्हायचे, कधी चार. थंडी होती, सकाळी बोटं वळत नसत. कोंडिबाला एकही काप वाकडा चालत नव्हता. तो मागून सांगत राही आणि चाकू धरलेला हात आपलाच आहे का असं तिला वाटू लागे. आठ दिवस झाले तेव्हा सव्वीस झाले होते.

नवव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज मी जाती."

"चौदा ऱ्हायलेत."

"मोजलेत मी."

"चार दिसांत हुतील. साल धरंल, बानू. मग काय सांगायचं बंगल्यावर?"

ती बसली. अठ्ठावीस झाले. दुपारी एकोणतिसावा खुंट धरला, आडवा काप घेतला. उभा काप घेताना तिच्या लक्षात आलं की कोंडिबा गप्प आहे. तिनं मागं पाहिलं. त्याला डुलकी लागली होती, तोंड किंचित उघडं होतं. काठी हातातून सुटून खाली पडली होती. म्हणजे तो सांगत नव्हता. आणि तिचा काप बरोबर पडला होता. तिनं साल उचलली, डोळा बसवला, सोपट बांधलं. मग चाकू धुतला, पुसला, तेल लावून पेटीत ठेवला. काठी उचलून त्याच्या हाताशी ठेवली. तो जागा झाला.

"झाला?"

"झाला. आता मी चालले."

"कुठं?"

"आयकडं."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाला, "परत कवा?"

"बघू."

"मला कोन बघंल?"

या प्रश्नाला घाबरूनच तिनं नऊ दिवस काढले होते. ती पुढच्या अंगणात गेली. नजमुन्निसा तांदूळ निवडत होती. बानूबाईनं सगळं सांगितलं, उभ्यानंच. नजमुन्निसानं सूप खाली ठेवलं. "एवढंच ना? त्यांना उचलायचं काम हे करतील, शेडवर जायच्या आधी आन् आल्यावर. जेवनाचं मी बघते. तुम्ही पह्यलंच का न्हाई सांगितलं?" बानूबाई पडशी भरायला वळली. खरंच, का नाही सांगितलं?

शिरूरच्या एसटीनं ती न्हावऱ्याला उतरली. पुढं चार कोस. एक बैलगाडीवाला त्याच वाटेनं निघाला होता, तो म्हणाला, बसा बाई. ती नको म्हणाली. ज्वारीची काढणी सुरू होती, कडेला पेंढ्या पडल्या होत्या, आणि मधे कुठं भिंत नव्हती. पहिल्या कोसात पाय दुखले. दुसऱ्यापासून ते आपोआप पडू लागले. ती बैलांच्या पुढं निघाली. बऱ्याचदा तिनं मागं वळून पाहिलं. मागून कुणी हाक मारत नव्हतं, तरी पाहिलं.

दिवस कलला तेव्हा घर आलं. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पांढऱ्या पडलेल्या बाहुल्या पायांच्या आवाजाकडं वळल्या.

"कोन हाय?"

"मी हाय, आय. बानू."

आई हसली. "आली का. बस." तिनं मान वर केली, डावीकडं झुकवली, उजवीकडं झुकवली, जणू लेकीच्या तोंडावर कुठून तरी उजेड पडेल आणि दिसेल. मग थांबली.

"चार दिस झालं," तात्याबा हळू आवाजात म्हणाला. "सावलीबी दिसत न्हाई आता."

बानूबाई आईच्या पुढ्यात बसली. आईनं तिचे हात घेतले आणि चाचपले. अंगठ्याच्या पेरावर चाकूनं पडलेला घट्टा, तळव्यावर खुरप्याचा, बोटांना काट्यांच्या खुणा.

"हे काय गं? काय करतीस तू?"

"गुलाबाची कलमं बांधती."

"तू?"

"मी."

"लई बांधलीस वाटतं," आई म्हणाली, आणि हात सोडले नाहीत.

ती चार दिवस राहिली. आईची वेणी घातली, नदीवर धुणं नेलं, तात्याबाच्या रानाकडून मोकळीच फिरून आली. जिथं नांगर खोल लागे तिथं जुन्या मडक्यांच्या लाल खापऱ्या वर येत, त्या बांधावर रचून ठेवलेल्या होत्या. आईनं एकदाही विचारलं नाही की आठ दिवसांपूर्वी का आली नाहीस. तात्याबानंही नाही. तात्याबा म्हणाला, "आक्का, ऱ्हा की आनखी. दाजीचं बघतील शेजारी." त्याची बायको चुलीकडं बघत होती. दोन खोल्यांचं घर, सहा माणसं. बानूबाईला दिसत होतं की इथं ती पाहुणी म्हणून मावते, राहायला म्हणून नाही. पाचव्या दिवशी तिनं पडशी उचलली.

दौंडला पोचली तेव्हा ऊन अजून परड्यात होतं. बाज रिकामी होती. कोंडिबा खाली मातीत, खुंटांच्या ओळीपाशी पाय पसरून बसला होता. नजमुन्निसा समोर बसून एक खुंट धरून होती. कोंडिबाच्या डाव्या हातात चाकू होता, आणि त्याच हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"आयकत न्हाईत," नजमुन्निसा म्हणाली. "कालपासनं ह्यांना सांगतात, मला खाली बसवा."

उरलेल्या अकरांतले पाच खुंट त्यानं कापले होते. साल फाटली होती, एकाचं तर लाकूड चिरलं होतं. नजमुन्निसा उठून गेली.

"दिसलीस का आयला?" कोंडिबानं विचारलं.

"न्हाई."

"कवा गेली नजर?"

"आठ दिसांच्या आतच असंल. मी पोचायच्या चार दिस आधी."

कोंडिबानं चाकू मांडीवर ठेवला. त्याचा खालचा ओठ लुळ्या बाजूनं आणखीच खाली ओढला गेला. "मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मलाबी," बानूबाई म्हणाली. तिला राग काढायचा होता. वाटेत तिनं शब्दही जुळवले होते. पण समोर मातीत बसलेला माणूस स्वतःच्या अंगठ्यावरची माशीसुद्धा उडवू शकत नव्हता. तिनं चिंधी सोडली, जखम धुतली, हळद लावली आणि पुन्हा बांधली. मग काखेत हात घालून त्याला उठवलं आणि बाजेवर नेलं.

तिथं उभं राहूनच तिनं सांगितलं, "दर महिन्याला चार दिस मी जानार. भाभीला इच्यारलं न्हाई अजून, पर ती हो म्हनंल. आन् कलमं करताना मागनं बोलायचं न्हाई."

"आन् चुकलं तर?"

"चुकंल."

कोंडिबानं तोंड परड्याकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या सहा खुंटांना हात घातला. दोन खुंटांची साल धरून बसली होती, ते सोडून दिले. चार भरले. कोंडिबा सकाळभर खरोखरच गप्प राहिला. तिला ती शांतता सोसेना. इतक्या दिवसांचा आवाज मागून नाही म्हटल्यावर प्रत्येक कापाला हात अडखळू लागला. शेवटचं सोपट बांधून झाल्यावर तिनंच विचारलं, "बरोबर बसला का?"

"मला हितनं दिसत न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"आज?"

"कवाच दिसत नव्हतं. वाकलीस की तुझी पाठच दिसायची. मी आपला अंदाजानं सांगायचो."

बानूबाईनं खुंटांची ओळ एका टोकापासून मोजली. तेहतीस डोळे तिनं भरले होते. महिन्याभरानं त्यातले सत्तावीस फुटले. बाईसाहेबांनी माणूस पाठवून ते नेले आणि कोंडिबासाठी निरोप दिला की कलमं उत्तम झाली. कोंडिबानं त्या माणसाला बसवून सांगितलं, "बाईसाहेबांना म्हनावं, ह्या हिनं केली." माणसानं मान डोलावली. निरोप पोचला की नाही कळलं नाही.

मार्चमध्ये ती चार दिवस इनामगावला जाऊन आली. एप्रिलमध्ये निघायच्या दिवशी कोंडिबाला ताप आला, म्हणून राहिली. मेमध्ये गेली. आई तिचे हात चाचपून घट्टे वाढले की कमी झाले ते सांगे. चौथ्या दिवशी संध्याकाळी बानूबाई न्हावऱ्याहून गाडी पकडून परत यायची. परड्याचं फाटक आतून लावून घ्यायची आणि पदर खोचून आधी आडावर जायची, कारण उन्हाळ्याचे दिवस, आणि चार दिवस नजमुन्निसानं कितीही पाणी घातलं तरी गुलाबांची आळी कोरडीच झालेली असायची.